११५-११३ ची गोष्ट

६२-३-२.

हा कुठल्या तिजोरीचा कोड नाही. हे मार्विन हॅगलर नावाच्या माणसाचं अख्खं करियर आहे. ६२ विजय, ३ पराभव, २ ड्रॉ. बॉक्सिंगमध्ये याला 'रेकॉर्ड' म्हणतात. थोडक्यात काय, बॉक्सरचा सीव्ही. आपण आपल्या सीव्हीतून नको त्या गोष्टी हळूच गाळतो. बॉक्सरला ती सोय नाही. नावापाठोपाठ हे तीन आकडे जन्मभर येतात, आणि तो गेल्यावरही मागे राहतात.

आणि बॉस, हे आकडे दर वेळी ठोसेच ठरवतात असं नाही. पुष्कळदा ते रिंगच्या कडेला पेन घेऊन बसलेली तीन माणसं ठरवतात.

आधी फंडा समजून घेऊ. वर्ल्ड टायटलची फाइट बारा राउंडची. तीन जज तीन वेगवेगळ्या बाजूंना बसतात. प्रत्येक जण प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला साधारणपणे ९ मार्क देतो. कुणी खाली पडला तर बहुतेक ८. आता मेख बघा. राउंड केसभर फरकाने जिंका नाहीतर समोरच्याला तीन मिनिटं धू धू धुवा, तो पडला नाही तर मार्क बहुतेक वेळा तेच. १०-९! म्हणजे सात राउंड काठाकाठाने जिंकणारा ११५ वर, आणि पाच राउंड दणदणीत जिंकणारा ११३ वर. एक राउंड इकडचा तिकडे झाला की ११४-११४. इतकं बारीक गणित आहे हे.

हॅगलरचं काय झालं? ६ एप्रिल १९८७, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस. हॅगलर १९८० पासून मिडलवेटचा चॅम्पियन. समोर शुगर रे लेनर्ड, ज्याने आधीच्या पाच वर्षांत फक्त एक फाइट केली होती. लेनर्ड हुशार. राउंड संपता संपता फटाफट ठोशांची माळ लावायची, म्हणजे जजच्या डोळ्यांसमोर शेवटचं चित्र तेच राहतं. अ‍ॅप्रेझलच्या आधीच्या पंधरवड्यात रात्री अकराला मेल टाकणारा तुमच्या ऑफिसातला तो आठवला ना? तसंच.

निकाल? एका जजने ११५-११३ हॅगलर. दुसऱ्याने ११५-११३ लेनर्ड. आणि तिसऱ्याने चक्क ११८-११०, लेनर्ड! म्हणजे त्याच्या मते हॅगलरने बारापैकी दोनच राउंड जिंकले. लेनर्ड विजयी. हॅगलरला रिमॅच काही मिळाली नाही. तो इटलीला निघून गेला, सिनेमांत काम करू लागला, पुन्हा कधी रिंगमध्ये उतरलाच नाही. २०२१ साली तो गेला, तेव्हाही त्याच्यावरच्या लेखांत ती रात्र होतीच.

मी ही फाइट यूट्यूबवर कॉमेंट्री बंद करून बघितलीये. कागद-पेन्सिल घेऊन, दोनदा. एकदा लेनर्ड जिंकला, एकदा हॅगलर. तुम्हीही करून बघा, वीकेंडचा झक्कास टाइमपास आहे. आणि त्यातून एक गोष्ट कळते. ही 'चोरी' नव्हती. ही खरोखर अटीतटीची फाइट होती. ११८-११० हे कार्ड कुणाच्याही पचनी पडणार नाही, पण निकाल कुठेही जाऊ शकला असता. आपण मात्र दोन्हींना एकच लेबल लावतो... 'अन्याय!'

खरी चोरी बघायची असेल तर १० सप्टेंबर १९९३ कडे चला. सॅन अँटोनियोचं अ‍ॅलॅमोडोम. मेक्सिकोचा लाडका हुलियो सेझार चावेझ, रेकॉर्ड ८७-०. समोर अमेरिकेचा पर्नेल व्हिटेकर, ज्याला ठोसा लावणं म्हणजे लोकलच्या गर्दीत खिडकीची सीट मिळवणं. व्हिटेकरने बहुतेक रात्रभर चावेझला हवेत हात मारायला लावले. एका जजने ११५-११३ व्हिटेकरला दिली. उरलेल्या दोघांनी ११५-११५. ड्रॉ! पुढच्या अंकात 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'च्या कव्हरवर मोठ्ठा शब्द होता, 'लुटलं!'

चावेझचा 'शून्य' त्या रात्री वाचला. पण किती दिवस? जानेवारी १९९४ मध्ये फ्रँकी रँडलने तो घालवलाच. व्हिटेकरचं करियर संपलं ४०-४-१ वर. त्यातला तो १ म्हणजे ही रात्र. त्याने फाइट्स सोडल्या नाहीत, पुढे हॉल ऑफ फेममध्येही गेला. २०१९ साली रस्ता ओलांडताना गाडीच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला. आज जाणकारांना विचारा, चावेझ-व्हिटेकर कोण जिंकलं? बहुतेक जण क्षणभरही न थांबता सांगतील, व्हिटेकर. पण कागदावर? ड्रॉ.

आता अलीकडचा माणूस. कझाकस्तानचा गेनाडी गोलोव्हकिन. १६ सप्टेंबर २०१७, पुन्हा लास व्हेगास, समोर कनेलो अल्वारेझ. गोलोव्हकिन तेव्हा ३७-० होता. एक कार्ड ११५-११३ गोलोव्हकिन, एक ११४-११४, आणि एक ११८-११० कनेलो. पुन्हा तोच आकडा, ११८-११०! ड्रॉ. वर्षभराने रिमॅच. दोन जज ११५-११३ कनेलो, एक ११४-११४. गोलोव्हकिन हरला. २०२२ मधल्या तिसऱ्या फाइटमध्ये चाळिशीचा गोलोव्हकिन मात्र सरळ हरला. रेकॉर्ड ४२-२-१. त्या -२-१ मध्ये माणूस एकच आहे, कनेलो. पहिल्या दोन रात्री दोन-तीन राउंड तिकडचे इकडे झाले असते तर आज इतिहास त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघत असता.

पण थांबा, हरणाऱ्याचीच बाजू ऐकून उठू नका. जिंकणाऱ्याचं काय होतं?

जून २०१२ मध्ये टिमथी ब्रॅडलीने मॅनी पॅकियाओला हरवलं, दोन जजच्या ११५-११३ वर. जगाने ऐकून घेतलं नाही. डब्ल्यूबीओने पाच जजकडून व्हिडिओ तपासून घेतला, पाचही जण म्हणाले पॅकियाओ. निकाल मात्र बदलला नाही. ब्रॅडलीला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तो डिप्रेशनमध्ये गेला. हे त्यानेच नंतर सांगितलंय. पुढच्या फाइटमध्ये, मार्च २०१३ ला, स्वतःला सिद्ध करण्यासाठी तो रुस्लान प्रोव्होदनिकोव्हशी उभ्या उभ्या भिडला. जिंकला, पण डोक्याला मार बसला. आणि त्याला मार्क देण्यात त्याचा काय दोष होता? त्याने काही स्वतःचं कार्ड भरलं नव्हतं.

आपल्याकडेही आहे एक. लंडन ऑलिंपिक २०१२, विकास कृष्णन विरुद्ध एरोल स्पेन्स. विकास १३-११ असा जिंकला, जाहीरही झालं. अमेरिकेने अपील केलं, विकासच्या फाउल्सबद्दल स्पेन्सला चार पॉइंट मिळाले आणि निकाल झाला १५-१३, स्पेन्स. स्पेन्स २०१७ ला वर्ल्ड चॅम्पियन झाला. विकासच्या नावावर एशियाड आणि कॉमनवेल्थचं सोनं आहे, ऑलिंपिक मेडल नाही.

मग याला औषध काय? शेवटची गोष्ट सांगते. सोल ऑलिंपिक, १९८८. फायनलमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरने कोरियाच्या पार्क सी-हुनला ८६ ठोसे लगावले, खाल्ले ३२. निकाल ३-२, पार्क! त्याच स्पर्धेत सर्वोत्तम बॉक्सरची ट्रॉफी मात्र जोन्सला. या गोंधळानंतर पुढच्या ऑलिंपिकपासून कॉम्प्युटर स्कोअरिंग आलं. जोन्स २००३ पर्यंत हेवीवेटचाही चॅम्पियन झाला. पार्क प्रोफेशनल झालाच नाही, आणि ते सोनं त्याला सुखाने मिरवताही आलं नाही. २०२३ मध्ये तो अमेरिकेत पेन्साकोलाला जोन्सच्या घरी गेला आणि ते मेडल त्याच्या हातात ठेवलं. ३५ वर्षांनी!

अधिकृत निकालात सोनं अजून पार्कचंच आहे. जजच्या सह्या काही पुसल्या जात नाहीत. पण त्या दिवशी त्या दोघांनी आपापल्यात तो स्कोअर मिटवला, आणि त्यासाठी त्यांना तिसरं कुणी लागलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणाचे तीन आकडे वाचाल, तर मधल्या आणि शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. विचारा, हे कुणी लिहिलं? बॉक्सिंगलाच कशाला, एप्रिलमध्ये तुमच्या रेटिंगचं पाकीट हातात येईल तेव्हाही विचारायला हरकत नाही.