गॅस भरणे म्हणजे निदान नव्हे

मे महिन्याच्या अखेरीस नवतपा सुरू होतो आणि रायपूरचा पारा ४४-४५ अंशांकडे झेपावतो. अशा दिवसांत मोटारीचा एसी गार हवा देईनासा झाला, की चालक गॅरेज गाठतो आणि दुखणे न सांगता थेट औषधच मागतो : ‘गॅस भरून द्या.’ पुष्कळदा तेवढेच होते. मोटार थंड होते, पैसे चुकते होतात आणि पुढच्या उन्हाळ्यात तोच प्रसंग पुन्हा घडतो.

वास्तविक हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही; बंद नळ्यांतून तोच फिरत राहतो. अनेक वर्षांत तो किंचित झिरपणे स्वाभाविक आहे, परंतु एका वर्षात रिता झाला तर गळती आहेच. शिवाय प्रत्येक बिघाड गॅसचा नसतो. फ्यूज, रिले, बंद पडलेला पंखा किंवा सिलतऱ्यासारख्या औद्योगिक पट्ट्यातील धुळीने बुजलेला कंडेन्सर, यांपैकी काहीही कारण असू शकते.

इंजिन बंद असताना गेजवर दिसणारा दाब मुख्यतः तापमान सांगतो, गॅसचे प्रमाण नव्हे. एसी चालू असताना दोन्ही बाजूंचा दाब कमी असेल तर गॅस अपुरा असण्याचा संभव. दोन्हीकडे जास्त असेल तर उष्णता बाहेर पडत नाही किंवा गॅस अधिक भरला गेला आहे. दोन्ही जवळपास सारखेच राहिले तर संशय कॉम्प्रेसरवर. हा तपास काही मिनिटांचा आहे.

प्रश्न केवळ ग्राहकाच्या खिशाचा नाही. बहुतेक मोटारींतील आर-१३४ए हा वायू ओझोनला अपाय करत नाही, पण १०० वर्षांच्या हिशेबात त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट धरली जाते. अर्धा किलो गळाला, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतका परिणाम होतो. किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार अशा वायूंचा वापर २०२८ पासून गोठवायचा आणि २०३२ पासून टप्प्याटप्प्याने घटवायचा आहे. २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग ॲक्शन प्लॅन’ने २०२२-२३ पर्यंत १ लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते.

पण प्रशिक्षित कारागिरालाही तपासाचे मोल मिळाले पाहिजे. ग्राहक केवळ गॅसचे पैसे देत असेल, तर गळती शोधण्यात वेळ कोण घालवील? म्हणून बिलावर तीन नोंदी सक्तीच्या असाव्यात : गळती कुठे सापडली, जुना गॅस किती ग्रॅम काढला आणि नवा किती भरला. तपासणीची मजुरी वेगळी लिहावी आणि ग्राहकाने ती कुरकुर न करता द्यावी. फुटक्या घागरीत पाणी ओतणाऱ्याला कोणी शहाणा म्हणत नाही. इथे तर गळणारे पाणीही नाही.