शिडाच्या जहाजावरचे जेवण

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचे राज्य आहे. तेथील रॉकलंड, कॅमडेन या बंदरांतून उन्हाळ्यात शिडाची लाकडी जहाजे पर्यटकांना घेऊन काही दिवसांच्या सफरीवर निघतात. त्यांतली ‘स्टीफन टेबर’ आणि ‘लुईस आर. फ्रेंच’ ही दोन तर १८७१ साली बांधलेली, एके काळी माल वाहणारी. मुलाकडे गेलेले आपल्याकडचे आईवडीलही क्वचित अशा सफरीला जातात. निघण्यापूर्वी मला विचारतात, “डॉक्टर, तिथे खायचे काय?” माझ्या मते खरा प्रश्न किती खायचे हा आहे.

पूर्वीच्या खलाशांचे दुखणे नेमके उलटे होते. महिनोन् महिने खारवलेले मांस आणि दगडासारखी बिस्किटे. हिरड्या सुजत, दात हलत, माणसे दगावत. हा स्कर्व्ही रोग. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरील डॉक्टरने १२ रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीला वेगळा उपचार दिला. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. तरीही ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नेमाने मिळू लागायला १७९५ साल उजाडले! (सरकारी कारभार तेव्हाही असाच.)

आता भटारखान्यातल्या लाकडाच्या चुलीवर ताजा पाव भाजला जातो. दूध, बटाटे आणि शिंपल्यांचे दाट सूप असते, फळांचे गोड पाय असतात. एखाद्या संध्याकाळी बेटाच्या किनाऱ्यावर शेवंड उकडतात. शेवंडीत चरबी कमीच; गोम आहे ती सोबतच्या वितळलेल्या लोण्यात. जेवण चांगले आहे, यात वाद नाही. पण हा आहार दोर ओढणाऱ्याचा. आपण दिवसभर फळीवर बसून समुद्र पाहणार आणि तिन्ही वेळा खलाशाइतके जेवणार, हे मला पटत नाही. शीड चढवायला प्रवाशांना हात लावू देतात. ज्यांना झेपेल त्यांनी जरूर लावावा. रक्तदाब असणाऱ्यांनी खारट सूप बेतानेच घ्यावे.

मधुमेह्यांना मात्र माझे निक्षून सांगणे आहे. बोट लागून उलट्या सुरू झाल्या, पोटात काही ठरत नाही आणि गोळी किंवा इन्सुलिन नेहमीइतकेच घेतले, तर रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. तेव्हा खिशात साखर ठेवावी. पण इन्सुलिन आपल्या मनाने बंद करणेही तितकेच घातक. अशा वेळी मात्रा किती घ्यायची, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. समुद्रात दवाखाना हाकेच्या अंतरावर नसतो.

कोळंबी, खेकडा, शिंपले यांनी ज्यांच्या अंगावर गांधी उठतात किंवा घसा सुजतो, त्यांनी आणि शाकाहारी मंडळींनीही जागा राखतानाच तसे कळवावे. ऐन जेवणाच्या वेळी सांगून उपयोग नाही. सामान आधीच भरलेले असते आणि चूल एकच असते.