मैदानाची मोजणी

जानेवारी २०१६ च्या ४ आणि ५ या तारखांना कल्याणच्या वायलेनगरातील मैदानावर भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने ३२७ चेंडूंत नाबाद १००९ धावा केल्या. त्यांत १२९ चौकार आणि ५९ षटकार होते; आणि इंग्लंडातील क्लिफ्टन येथे ए. ई. जे. कॉलिन्स या शाळकरी मुलाने १८९९ साली रचलेला नाबाद ६२८ धावांचा उच्चांक, शतकाहून अधिक काळ अबाधित राहून, अखेर एका रिक्षाचालकाच्या मुलाच्या बॅटीने मोडला.

या पराक्रमाची वार्ता जगभर गेली, तशीच तिच्या मागोमाग एक शंकाही गेली. मैदान लहान होते, एका बाजूची सीमारेषा फारच जवळ होती, आणि प्रतिस्पर्धी संघ वयाने व अनुभवाने कोवळा होता, असे अनेकांनी म्हटले. यांतले काहीही मी नाकारणार नाही. परंतु साडेसहा तासांहून अधिक वेळ खेळपट्टीवर एकाग्र चित्ताने उभे राहण्याची शक्ती कोणतीही जवळची सीमारेषा मुलाला देत नसते. आणि मैदानाचा तोकडेपणा हा त्या मुलाचा दोष नसून, लाखोंच्या वस्तीत शालेय सामन्याच्या वाट्याला पूर्ण मापाचे मैदान न येऊ देणाऱ्या आम्हा प्रौढांचा आहे. त्या धावफलकात एका मुलाचे कर्तृत्व जसे नोंदले गेले, तशीच आमच्या नगररचनेची उणीवही कायमची नोंदली गेली, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही उणीव पत्करूनही या ठाणे जिल्ह्यात क्रिकेट वाढले, याचे श्रेय येथील सामान्य माणसांचे आहे. अजिंक्य रहाणे यांचे बालपण डोंबिवलीत गेले. त्यांनी खेळाचा श्रीगणेशा केला तो मॅटिंगच्या विकेटवर, आणि पुढे वयाला न पेलणारी किटबॅग खांद्यावर घेऊन लोकलच्या गर्दीतून मुंबईची मैदाने गाठली. डिसेंबर २०२० मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात ॲडलेडला अवघ्या ३६ धावांत भारतीय संघ गारद झाल्यानंतर, मेलबर्नला ११२ धावांची संयमी खेळी करून ज्या कर्णधाराने मालिकेचे पारडे फिरविले आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनला ती मालिका जिंकून दाखविली, त्याच्या धीराचे मूळ मला त्या रोजच्या प्रवासात दिसते. कल्याणचे तुषार देशपांडे शिवाजी पार्कवरील निवड चाचणीस गेले असता फलंदाजांची रांग लांबलचक दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेत उभे राहिले. त्याच देशपांडे यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये बडोद्याविरुद्धच्या रणजी सामन्यात अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा केल्या आणि दहाव्या क्रमांकाच्या तनुष कोटियन यांच्यासह शेवटच्या जोडीसाठी २३२ धावांची भर घातली. दहाव्या आणि अकराव्या फलंदाजाने एकाच डावात शतके काढण्याचा योग प्रथम श्रेणीच्या इतिहासात त्यापूर्वी एकदाच, १९४६ साली ओव्हलवर चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी, घडवून आणला होता. आणि २०१४ च्या १ ऑगस्टपर्यंत ठाणे जिल्ह्याच्याच हद्दीत असलेल्या पालघरहून पहाटेच्या गाडीने मुंबईस जाणारे शार्दूल ठाकूर हेही याच वाटेचे प्रवासी.

नामांकितांच्या या मालिकेखाली खेळाचा जो विस्तीर्ण पाया आहे, तो मात्र टेनिस चेंडूचा आहे. भाताची कापणी उरकली, की भिवंडी, कल्याण आणि शहापूर तालुक्यांतील गावांमध्ये शेताचा तुकडा सपाट करून, त्यावर रोलर फिरवून खेळपट्टी तयार होते, मंडप पडतो, ध्वनिक्षेपकावरून समालोचन सुरू होते आणि दिवसभर कामावर राबणारे तरुण रात्रीच्या प्रकाशझोतात गावाच्या नावासाठी खेळतात. या खेळाला पॅड लागत नाहीत, महागडी बॅट लागत नाही, कोणाची शिफारस लागत नाही; म्हणूनच तो सर्वांचा झाला. मार्च २०२४ मध्ये टेनिस चेंडूवरील इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव क्रीडागृहात झाला, तेव्हा गल्लीतल्या आणि शेतातल्या या खेळाला पक्क्या प्रेक्षागाराचा मान मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला.

परंतु शेते आता वेगाने बिनशेती होत आहेत, आणि शहरांतील जी थोडी मैदाने शिल्लक आहेत, त्यांवर सभा, प्रदर्शने आणि महोत्सव यांचा हक्क खेळाच्या आधी मानला जातो. डिसेंबर २०१६ मध्ये कल्याणच्या सुभाष मैदानावर एका मंत्र्यांच्या हेलिकॉप्टरसाठी जागा मोकळी करण्यावरून जो वाद झाला, त्यात हाच हजार धावांचा मानकरी आणि त्याचे वडील यांना पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागली. ज्या मुलाने गावाचे नाव जगाच्या दप्तरात लिहिले, त्याला त्याच गावात सरावाच्या जागेसाठी हुज्जत घालावी लागावी, ही गोष्ट कोणत्याही पक्षाच्या वा अधिकाऱ्याच्या नव्हे, तर समस्त नागरिकांच्या लज्जेची आहे.

यावरचा उपाय कायद्याच्या पुस्तकात आहे आणि धोकाही तेथेच आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमान्वये विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी भूखंड आरक्षित करता येतो. पण त्याच अधिनियमाच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही, तर मालकाला नोटीस देण्याची मुभा मिळते, आणि ठरलेल्या मुदतीत कारवाई न झाल्यास आरक्षण आपोआप रद्दबातल होते. मैदान असे एका दिवसात कोणी हिरावून घेत नाही. तारखा उलटत जातात आणि ते नाहीसे होते.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे. आपल्या मुलाच्या हाती बॅट देताना एकदा महानगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपल्या प्रभागाच्या आराखड्याची प्रत मागा, क्रीडांगणाची आरक्षणे कोणती आणि त्यांची मुदत केव्हा संपते हे विचारा, जागेवर जाऊन पाहा, आणि जे उणे आढळेल त्याचा लेखी अर्ज पोचपावतीसह दाखल करा. या जिल्ह्याला खेळाडू कधी कमी पडले नाहीत. त्यांना जागा राखून देणे हे आपले काम आहे, आणि ते आजच केले पाहिजे.