उकिरड्यातील ऊब



पौषातील पहाटे जाम नदीवरून वारा सुटला म्हणजे आपल्या सावरगावात घरोघरी शेकोट्या पेटतात. पऱ्हाट्या, तुरीच्या काड्या, वाळलेला पाला, जे हाती लागेल ते त्यांत पडते. घटकाभर हात शेकले जातात आणि ऊन वर येईपर्यंत मागे उरते ती ओंजळभर राख. त्याच वेळी गोठ्यामागील उकिरड्यातून पांढरी वाफ निघत असते. तिच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष जात नाही. ही वाफ म्हणजे वाया जाणारी ऊब होय. या उबेवर थंडीच्या दिवसांत भाजीची रोपे वाढविण्याचा प्रयोग आपल्या शाळेने करावा, असे माझे मत आहे.

माझे माहेर गोव्यात, पेडणे तालुक्यात. माहेरी आम्ही कोकणी बोलतो आणि खताला ‘सारें’ म्हणतो. पावसाळा सरला की माझी आई विहिरीजवळ मिरचीचे बी टाकी, आणि आठदहा दिवसांत कोंब वर येत. बी रुजण्यास ऊब लागते, ही गोष्ट तिशी उलटेपर्यंत माझ्या ध्यानातच आली नव्हती. जे फुकट मिळते त्याची जाणीव माणसास होत नाही, हेच खरे! सावरगावी आल्यानंतर पहिल्या वर्षी डिसेंबरच्या अखेरीस मी परसात मिरची पेरली. तीन आठवडे वाट पाहिली. एकही कोंब दिसेना, तेव्हा मनातल्या मनात दुकानदारास बोल लावला. शेजारच्या आजी माझी तगमग पाहत होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, बी खोटं नाही वो, भुई थंडी हाय.”

आजींचे म्हणणे शास्त्राच्या कसोटीसही उतरते. टोमॅटोचे बी २५ अंश सेल्सिअस उबेच्या मातीत सुमारे ६ दिवसांत उगवते. १५ अंशांवर त्यास सुमारे १४ दिवस लागतात, तर १० अंशांवर तब्बल सहा आठवडे. मिरची तर १० अंशांवर उगवतच नाही. उलट मेथी, पालक, मुळा, वाटाणा, फुलकोबी या भाज्यांना थंडी मानवते. त्यांच्यासाठी ऊब निर्माण करणे म्हणजे भरल्या विहिरीत घागर रिती करणे होय. म्हणून माझे सांगणे सर्व भाज्यांविषयी नाही. मिरची, वांगी, टोमॅटो यांची रोपे ऐन थंडीत तयार झाली, तर थंडी ओसरताच ती परसात लावता येतील आणि उन्हाळ्यात घरच्यापुरती भाजी हाती येईल, इतकेच माझे म्हणणे आहे.

उकिरड्यात ही ऊब येते कोठून? शेण, कुटार व ओला पाला एकत्र आले आणि त्यांत ओलावा व हवा राहिली, की असंख्य सूक्ष्म जीव ते पदार्थ खाऊ लागतात. आपण भाकरी खातो आणि आपले अंग ऊबदार राहते. त्यांचेही तसेच आहे. एकट्या जीवाची ऊब ती काय असणार! परंतु ढीग पुरेसा मोठा असला, की ती बाहेर निसटत नाही, आत साठत जाते, आणि थोड्याच दिवसांत ढिगाच्या पोटातील उष्णता ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. गोवरी आपली सारी ऊब तासाभरात देऊन राख होते. ढीग तीच ऊब कित्येक आठवडे पुरवितो आणि शेवटी खत होऊन जमिनीस मिळतो.

या विषयात आपल्याच मध्य प्रदेशातील इंदूर शहराचे नाव जगभर घेतले जाते. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात तेथे कार्य करीत होते. शेण व काडीकचरा थराथरांनी रचावा, ओलावा राखावा, ढीग वेळोवेळी उलथावा आणि त्यापासून उत्तम खत करावे, ही रीत त्यांनी शास्त्रशुद्ध स्वरूपात मांडली. ती पुढे ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध झाली. १९३१ साली निघालेल्या त्यांच्या ग्रंथावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्ड यांना हवे होते ते खत. ढिगातील उबेचा बागेसाठी उपयोग करण्यात पॅरिसचे माळी निष्णात होते. एकोणिसाव्या शतकात ते घोड्यांच्या ताज्या लिदीवर मातीचा थर देत, वर काचेच्या घंटा झाकीत, आणि ऐन हिवाळ्यात त्या शहरास कोवळी भाजी पुरवीत. पुढे रस्त्यांवर मोटारी आल्या, घोडे गेले, लीद गेली आणि ती कलाही मागे पडली. आपल्या शिवारात ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी होत आहेत. जे शेण उरले आहे, त्याचे मोल आपण आजच ओळखावयास नको काय?

असा वाफा करणे अवघड नाही. ६ फूट लांब, ३ फूट रुंद व २ फूट खोल खड्डा घ्यावा. त्यात सुमारे एक घनमीटर माल मावतो. याहून बराच लहान ढीग लवकर निवतो. ताजे शेण आणि गोमूत्राने भिजलेले कुटार यांचे थर द्यावेत. ओलावा असा असावा, की मूठ घट्ट आवळली असता एखादा थेंब सुटेल, पण धार लागणार नाही. थर हलकेच दाबावेत; फार तुडविल्यास हवा कोंडते. त्यावर सहा इंच चाळलेली माती व जुने कुजलेले खत पसरावे. रात्री पोत्याने झाकावे, दिवसा ऊन लागू द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे धीर धरावा. मी तो धरला नाही. माती घालताच दुसऱ्या दिवशी बी पेरले. मागाहून ढीग तापला आणि बी अक्षरशः शिजून गेले! दुसऱ्या खेपेस आठदहा दिवस थांबले, मातीची उष्णता ३० अंशांखाली उतरल्यावरच पेरणी केली, आणि नवव्या दिवशी मिरचीचे कोंब पाहिले. त्या दिवशी मला आईची आठवण झाली.

हा प्रयोग शाळेत करावा, असे मी एका पालकसभेत बोलून दाखविले, तेव्हा एक माउली उठून म्हणाल्या, “बाई, शेन तं आमी घरी बी काढतो. पोरीले त्याच्यासाठीच शाळेत धाडलं काय?”

मी निरुत्तर झाले. त्यांची मुलगी पहाटे गोठा साफ करून, गोवऱ्या थापून, धापा टाकीत शाळेत येते, हे मला ठाऊक होते. तिचा भाऊ त्याच वेळी शेकोटीपाशी बसलेला असतो, हेही मी पाहिले होते. शाळेने मुलींकडून शेण उचलून घ्यावे आणि मुलांच्या हाती थर्मामीटर द्यावे, असे होणार असेल, तर त्या माउलींचा आक्षेप सर्वस्वी योग्य आहे. मग हा वाफा न झालेलाच बरा.

पण असे होण्याचे कारण नाही. शेण उचलण्याची पाळी मुलगे व मुली यांना सारखीच यावी. उष्णता मोजण्याची आणि नोंदवही लिहिण्याचीही तशीच. काम आटोपल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत. ज्या मुलीने आजवर केवळ शेण उचलले, तिच्या हाती पहिल्या दिवशी थर्मामीटर यावे. ज्या मुलाने शेणास कधी हात लावला नाही, त्याने पहिली पाटी उचलावी. कोणते शेण ताजे, कोणते निवलेले, उकिरडा कोठे तापतो, हे त्या मुलीस माझ्याहून अधिक कळते. मात्र या कळण्याला ज्ञान म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेले नाही. शाळेने तिला एवढे सांगितले आणि तिच्या भावाच्या कानी घातले, तर त्या माउलींच्या प्रश्नास काही उत्तर मिळेल, असे मला वाटते.

मित्रहो, दिवाळीच्या सुटीनंतर कुटार व शेण गोळा करण्यास आरंभ करू. एक वाफा उबेचा आणि त्याच्या शेजारी एक साधा, असे दोन वाफे करू. दोन्हींत एकाच दिवशी एकच बी पेरू आणि रोज सकाळी नोंद ठेवू. माझे मत चुकीचे ठरले, तर तेही त्या वहीत स्पष्ट दिसेल. पुढील वर्षीच्या अंकात या विषयावर माझा लेख न येता तुमच्या नोंदवहीची पाने छापली जावीत, एवढीच माझी इच्छा आहे.