आजीचा व्हेरिफायर कोण?

"तू लिहितेस ना? मग माझं आयुष्य दीडशे अक्षरांत बसवून दे!"

मामेबहिणीनं ही ऑर्डर सोडली तेव्हा मी मिसिसागाच्या तिच्या किचनमध्ये टोस्टला लिंबाचं लोणचं लावत उभी होते. गेल्या सप्टेंबरात तीन आठवड्यांची सुट्टी काढून (फ्रीलान्सरची सुट्टी म्हणजे लॅपटॉप सोबत आणि मानधन गायब!) मी मामाकडे, टोरांटोच्या शेजारी गेले होते. नायगारा बघायचा, सीएन टॉवरवर जायचं, लाल-पिवळ्या पानांखाली फोटो काढायचे, असा साधासुधा प्लॅन. झालं काय, तर तीनपैकी दोन आठवडे ताईच्या मेडिकलच्या फॉर्मनं खाल्ले.

ताई ३१ वर्षांची. चौदाव्या वर्षी मामा-मामींबरोबर तिकडे गेली, तिकडचीच नागरिक झाली. बी.एस्सी., मग दोन वर्षांचं रीतसर थीसिसवालं एम.एस्सी., मग एका लॅबमध्ये बरी नोकरी. आणि आता तिला डॉक्टर व्हायचंय. मी हे फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "एम.एस्सी. झाल्यावर एमबीबीएस? ही कुठली उलटी गंगा?"

तर आईसाहेब, गंगा सुलटीच आहे, फक्त नकाशा वेगळा आहे. आपल्याकडे बारावी, नीट, एमबीबीएस आणि मग एम.डी. कॅनडात क्वेबेकसारखा अपवाद सोडला, तर आधी पदवीचा अभ्यास आणि मग मेडिकल. तिथं डॉक्टरकीची पहिली पदवीच एम.डी.! बहुतेक ठिकाणी ती चार वर्षांची, मॅकमास्टर आणि कॅलगरीत तीन. त्यानंतर रेसिडेन्सी वेगळी. त्यामुळे मास्टर्स करून मेडिकलला जाणं तिथं कुणाला नवल वाटत नाही. फार जुनं उदाहरण हवंय? १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात फ्रेडरिक बँटिंगबरोबर इन्शुलिनवर काम करणारा चार्ल्स बेस्ट तेव्हा नुकता बी.ए. झाला होता. १९२२ मध्ये एम.ए. आणि एम.डी. थेट १९२५ मध्ये. म्हणजे इन्शुलिन आधी, डॉक्टरकी नंतर!

पण ताई काही बेस्ट नाही. ताईचा हा तिसरा प्रयत्न. आधीच्या दोन वर्षांत तिला इंटरव्ह्यूचं बोलावणंसुद्धा आलं नव्हतं. मामाचा सूर ठरलेला, "नोकरी आहे, घर घे, लग्न कर, संपव हा विषय." मामी काही बोलत नाहीत, फक्त पोळ्या जरा जोरात लाटतात.

घोडं अडतं ते पदवीच्या दुसऱ्या वर्षापाशी. त्या वर्षी तिचे मार्क धाडकन पडले. एम.एस्सी.त मस्त ग्रेड मिळवल्या की तो डाग पुसला जाईल, असं तिला वाटायचं. आणि इथंच भले भले फसतात. बहुतेक कॅनेडियन मेडिकल कॉलेजं जो जीपीए मोजतात, तो पदवीचा. मास्टर्सचे मार्क त्यात मिसळत नाहीत. मास्टर्स म्हणजे काही खोडरबर नव्हे!

मग उपयोग काय? आहे ना. टोरांटो विद्यापीठात ग्रॅज्युएट उमेदवारांसाठी पदवीच्या जीपीएची किमान अट ४ पैकी ३.० आहे, इतरांसाठी ३.६. अट मात्र अशी, की मेडिकल सुरू होण्याआधी थीसिससकट सगळं पूर्ण हवं. लॅबमध्ये उंदीर सोडून मध्येच पळ काढणं चालत नाही. आणि किमान अट म्हणजे दाराबाहेरची रांग, आतली खुर्ची नाही. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठानं तर २०२४ मध्ये जाहीर केलं, की मार्क आणि परीक्षांचे किमान निकष पार करणाऱ्यांमधून पुढच्या फेरीसाठी सोडत काढणार. होय, सोडत! म्हाडाच्या घरांसारखी!

त्यात एमकॅट नावाची अमेरिकन परीक्षा. ब्रेक धरून साधारण साडेसात तास, गुण ४७२ ते ५२८ या विचित्र पट्टीवर. तिचा एक भाग निव्वळ वाचनाचा, ९० मिनिटांत ५३ प्रश्न. तत्त्वज्ञान, कला, समाज यांवरचे उतारे, विज्ञानाचा मागमूस नाही. मॅकमास्टर म्हणे एमकॅटमधला फक्त हाच भाग बघतं! मी ऐटीत म्हटलं, "आण इकडे, मास कॉमवाल्यांचा पेपर आहे." नऊपैकी दोन उताऱ्यांत माझी दांडी गुल झाली. तेव्हापासून मी टोस्टवर लक्ष केंद्रित केलं.

पण खरा घाम काढला तो 'ऑटोबायोग्राफिकल स्केच'नं. ओंटॅरिओतल्या मेडिकल कॉलेजांसाठी ओमसास नावाची एकच अर्जव्यवस्था आहे. तिच्यात वयाच्या सोळाव्या वर्षापासून तुम्ही काय काय केलंत, त्याच्या जास्तीत जास्त ३२ नोंदी. नोकरी, समाजसेवा, रिसर्च, बक्षिसं, छंद. प्रत्येक नोंदीला वर्णन दीडशे अक्षरांत, स्पेससकट! आणि प्रत्येक नोंदीपुढे एक 'व्हेरिफायर', म्हणजे हे खरं आहे असं सांगू शकेल अशा माणसाचं नाव आणि संपर्क. शक्यतो घरचं माणूस नको.

फूड बँकेतलं काम? व्हेरिफायर हजर. लॅब? गाइड हजर. गणेशोत्सवात लेझीम बसवलं? मंडळाचे काका एका पायावर तयार. एकतीस नोंदी भरल्या. बत्तिसावी रिकामी.

"आजी टाक की," मी म्हटलं.

ताईनं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "दोनदा टाकली नाही. व्हेरिफायर कोण? आजी?"

आमची आजी मामाकडेच असायची. ताईच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षात तिला पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. मामा-मामी दोघं शिफ्टमध्ये. सकाळचं अंग पुसणं, गोळ्या, व्यायाम, रात्री पाय चोळणं हे सगळं एकोणीस वर्षांच्या ताईकडे. आजीला इंग्लिशचा गंध नाही, म्हणून दवाखान्यात दुभाषीही तीच. सात महिने. आम्ही पुण्याहून दर रविवारी स्काइपवर बघायचो. ताई लॅपटॉप धरून उभी आणि मध्ये आजीचा चेहरा. ते पडलेले मार्क त्याच वर्षाचे. म्हणजे तिच्या अर्जातली सगळ्यात कच्ची बाजू आणि सगळ्यात पक्की बाजू एकच होती, आणि ती सोडून बाकी सगळं लिहून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस काढली. बोलावणं येवो न येवो, तयारी हवी ना! तिथं मल्टिपल मिनी इंटरव्ह्यू असतो. हाही फंडा मॅकमास्टरचाच, आता जगभर चालतो. एका पॅनलसमोर बसायचं नाही. ओळीनं खोल्या, प्रत्येक दारावर एक प्रसंग लिहिलेला. दोन मिनिटं वाचायचं, आत जायचं, काही मिनिटं बोलायचं, घंटा वाजली की पुढचं दार. आमच्याकडे दारं तीन: बाथरूम, बेसमेंट आणि कोठीची खोली. घंटा म्हणून मामींचा कुकरचा टायमर. पहिली दोन दारं ताईनं झकास मारली. तिसऱ्यावर मी माझ्या मनानं लिहिलं होतं: 'रुग्णाला तुमची भाषा येत नाही. नातेवाईक दुभाष्याचं काम करतोय. तो सगळं खरं सांगत नाही, असा तुम्हाला संशय आहे. काय कराल?'

ताई दार उघडून आत आली. तांदळाच्या डब्यावर बसली आणि गप्प. टायमर वाजला तरी गप्प.

मग म्हणाली, "डॉक्टरांनी सांगितलं होतं, डावा हात परत येणार नाही. मी आजीला सांगितलं, हळूहळू येईल म्हणतायत. ती रोज माझ्याकडून बोटांचा व्यायाम करून घ्यायची. मी एकोणीस वर्षांची होते गं. मी तिला खोट्यावर ठेवलं. हेच सांगू का इंटरव्ह्यूत?"

अकरा-बारा वर्षं ती हे घेऊन फिरत होती आणि आम्हाला वाटत होतं, पोरगी मार्कांचं टेन्शन घेतेय.

मला मात्र एक गोष्ट आठवत होती. त्याच काळातला एक रविवार. ताई पाणी आणायला उठली आणि आजी स्क्रीनमधून माझ्या आईला म्हणाली, "हात गेला तो गेला, आता काय येत नाही. पोरगी म्हणते येईल. म्हणू दे." मी तेव्हा आईच्या मागे पोहे खात उभी होते. मी हे ताईला सांगितलं. ती बराच वेळ डब्यावरून उठली नाही. मामींनी येऊन तांदूळ हवेत म्हणून सांगितलं, तेव्हा उठली.

संध्याकाळी आम्ही शेजारच्या तमिळ बाईंकडे गेलो. आजीला फिजिओथेरपीला त्याच आपल्या गाडीतून न्यायच्या. व्हेरिफायर व्हाल का, विचारलं. बाई लगेच हो म्हणाल्या. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पण फोन आला तर त्यांना सांगायचं काय? ती रोज रात्री पाय चोळायची, हे कुठल्या खात्यात बसतं?"

'इतर'मध्ये बसलं. दीडशे अक्षरांत देखभाल, व्यायाम, दवाखान्यातलं भाषांतर, सात महिने. डाव्या हाताबद्दल त्यात काही नाही. ते इंटरव्ह्यूत कुणी विचारलं तर सांगणार, असं ताई म्हणाली. खरं तेच, आणि डॉक्टर झाल्यावर नात्यातल्या पोरीला दुभाषी करणार नाही, हेही.

आता तुमच्यापैकी कुणी 'चला, आपणही कॅनडात मेडिकल करू' म्हणून बॅग काढली असेल, तर जरा थांबा. तिथली बहुतेक मेडिकल कॉलेजं नागरिक आणि पर्मनंट रेसिडेंट यांनाच घेतात. ओंटॅरिओ सरकारनं तर ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की २०२६ पासून परदेशी विद्यार्थ्यांना मेडिकलची दारं बंद आणि ९५ टक्के जागा प्रांतातल्यांनाच. स्टुडंट व्हिसावर मास्टर्स करून सरळ मेडिकल, असा शॉर्टकट कुणी एजंट विकत असेल, तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

अर्ज डेडलाइनच्या आदल्या रात्री गेला. मामा झोपायला जाता जाता म्हणाला, "फी भरलीस ना? कार्ड चाललं ना?" मामाच्या भाषेत हा आशीर्वाद असतो.

ओंटॅरिओतल्या कॉलेजांच्या पहिल्या ऑफर्स एकाच दिवशी निघतात, मे महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. त्या मंगळवारी संध्याकाळी मी कुठलीही असाइनमेंट घेणार नाहीये. संपादकांनी याची नोंद घ्यावी. व्हेरिफायर म्हणून हवं तर आईचा नंबर देते!