दुकान कुणाच्या हातात?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. निमित्त काय, तर एक चूक कबूल करायची आहे.

दिवाळी सरली की आमच्या नागपुरात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. मी ज्यांच्याकडून वर्षानुवर्षं घेते, त्या बाईंचा जन्म गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावजवळच्या नोर्ग्येलिंग वसाहतीतला. १९७२ साली वसलेली ही तिबेटी वसाहत. मराठी झाडीपट्टीतली, अगदी अस्सल! माल लुधियानाहून उधारीवर आणायचा आणि हंगाम संपला की फेडायचा, हा त्यांचा नेम.

"मॅडम, आता पोरं मोबाइलवरच घेतात," त्या गेल्या हिवाळ्यात म्हणाल्या.

झालं! शिकवायची खोड जन्माची. नातवाला हाताशी धरलं, त्याच्याच फोनवरून एका संकेतस्थळावर त्यांचं दुकान उघडलं. वर्णनं अर्थातच मी लिहिली. स्वेटर हाताला मऊ लागला, म्हणून ऐटीत लिहिलं, 'शुद्ध लोकर'.

बारा स्वेटर गेले, सात परत आले. लोकर कुठे होती? मिश्र धागा होता. तक्रारी येत होत्या नातवाच्या फोनवर, आणि त्याची परीक्षा चालू. बाईंना कळलं तीन आठवड्यांनी. जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्या पैशातून कापला गेला होता आणि लुधियानाची उधारी पहिल्यांदाच थकली.

"मी तर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते, मिक्स आहे म्हणून. मला विचारायचं ना," एवढंच त्या म्हणाल्या. भरपाई घेतली नाही. उलट चहा पाजला. असो.

तेव्हापासून मला मेंढा (लेखा) आठवतंय. गडचिरोलीतल्या या गोंड गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं २०११ मध्ये. मधल्या काळात बांबू त्यांचा, पण विकायची सोय नाही. मी तरी वेगळं काय केलं? माल बाईंचा, नाव बाईंचं, किल्ली माझ्या नातवाकडे!

नियमांचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय अशा संकेतस्थळांवर माल विकता येतो, पण आपल्या राज्यातच. म्हणजे गोठणगावहून पार मुंबईला चालेल, शेजारच्या छत्तीसगडला नाही! हे साध्या मराठीत कुणी समजावून सांगायचं?

मला वाटतं, आदिवासी कारागीर असो की परमुलखातून आलेला दुकानदार, त्याला 'ऑनलाइन करून देणं' ही मदत नव्हे. एका दिवसाचं शिबिर, फोटो आणि टाळ्या, हीही नव्हे. पासवर्ड त्याच्या हातात, वर्णन त्याच्या तोंडचं, आणि पहिला हंगामभर आपण शेजारी बसलेलो. शाळेत पाटी मुलाच्या हातात देतो, तसंच. त्याचं अक्षर वाकडं आलं तरी पेन्सिल आपण ओढून घेत नाही.

यंदा फोन बाईंचा आहे. पहिलं वर्णन त्यांनीच सांगितलं, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. "मिक्स आहे, पण गरम आहे. धुतल्यावर आटत नाही."

इतकं नेमकं वाक्य मला तरी सुचलं नसतं. तुम्हाला काय वाटतं, नक्की लिहा.