हक्कमुक्त चित्रपट लोकांपर्यंत पोचवा

प्रति,
व्यवस्थापन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे



भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ 1965 साली प्रदर्शित झाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम 26 प्रमाणे चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 2025 सरलं आणि हा चित्रपट सर्वांचा झाला. ‘सांगत्ये ऐका’ (1959) आणि ‘जगाच्या पाठीवर’ (1960) तर आधीच झाले होते. पण तालुक्याच्या गावातल्या फिल्म सोसायटीला यांतला एखादा पडद्यावर दाखवायचा म्हटलं, तर चांगली प्रत मागायची कुणाकडे?

हक्क सुटला की पुढे काय होतं, हे एका अमेरिकी चित्रपटाच्या बाबतीत दिसलं आहे. जॉर्ज रोमेरो यांनी पिट्सबर्ग परिसरात लाख-सव्वा लाख डॉलरांत ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ काढला. 1968 मध्ये प्रदर्शनापूर्वी वितरकाने त्याचं नाव बदललं आणि नव्या श्रेयनामावलीत कॉपीराइटची ओळ राहून गेली. तेव्हाच्या तिथल्या कायद्याने ती ओळ नसेल तर हक्कच जात असे. निर्मात्यांवर हा अन्यायच झाला. चित्रपट मात्र कुणीही दाखवू लागला आणि घरोघरी पोचला, पण बहुतेक वेळा प्रतीवरून काढलेल्या फिकट प्रतींतून. 2016 मध्ये न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून त्याचा जीर्णोद्धार केला, तेव्हा कुठे तो पुन्हा लख्ख दिसला.

आपल्याकडे ही जबाबदारी तुमचीच आहे. तुटपुंज्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कितीतरी मराठी चित्रपटांमागे आज निर्मितीसंस्था उरलेली नाही. ज्यात नफा नाही आणि जे कुणाच्या मालकीचं नाही, त्याच्या डागडुजीवर कोणता व्यापारी पैसा घालणार?

म्हणून तीन मागण्या करतो. दर 1 जानेवारीला, त्या दिवशी हक्कमुक्त होणाऱ्या चित्रपटांची यादी जाहीर करा आणि प्रत्येकाची निगेटिव्ह किंवा प्रिंट तुमच्याकडे आहे का, कोणत्या अवस्थेत आहे, हेही त्यात सांगा. जे स्कॅन झालेत ते शाळा-महाविद्यालयांना, फिल्म सोसायट्यांना केवळ प्रतीच्या खर्चात द्या. आणि गाण्यांबद्दल स्पष्ट खुलासा करा, कारण गीताच्या शब्दांवरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो. ‘साधी माणसं’चे एक गीतकार जगदीश खेबुडकर 2011 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांची मुदत 2071 अखेर संपेल. हा गुंता सामान्य माणसाने एकट्याने सोडवावा, ही अपेक्षा रास्त नाही.

1964 पासून, पी. के. नायर यांच्यासारख्यांच्या ध्यासामुळे, तुम्ही आमचा सिनेमा जपलात. त्याबद्दल मनापासून कृतज्ञ आहे. पण कायद्याने साठ वर्षांची मर्यादा घातली ती पुढे लोकांना तो वापरता यावा म्हणूनच. येत्या 1 जानेवारीला पहिली यादी निघू द्या.

आपला,
एक मराठी प्रेक्षक